मोठ्या बाईंच्या खोलीतली फोनांची ट्रंक

मी ट्रंक बोलतेय. लोखंडी पत्र्याची, हिरव्या रंगाची, दोन कड्यांची. जरा हळू बोलते हं, कारण सध्या मी पुरावा आहे. माझ्या कडीला दोरीने एक पुठ्ठा बांधलाय आणि त्यावर 'हात लावू नये' असं लिहिलंय. तेव्हापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण मला हात लावून बघतो. पूर्वी कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

चौकशीचे साहेब कधीही येतील म्हणतात. काल येणार होते, आज येणार आहेत. जिन्यावर बूट वाजले की माझ्या कड्या आपोआप खडखडतात. ते यायच्या आत मला सगळं सांगून टाकायचंय, कारण ते सगळ्यांना विचारतील, मला काही विचारणार नाहीत. ट्रंकेला कोण विचारतंय!

माझा स्वभाव मुळातच धास्तीचा. त्यात माझा काही दोष नाही, मला बनवणाराच तसा होता. पत्रा कापताना दर दोन मिनिटांनी म्हणायचा, "वाकडं गेलं वाटतं." गेलेलं नसायचं. रिबिट ठोकून झालं की पुन्हा ठोकायचा, मग अंगठ्याने दाबून बघायचा, मग परत एक ठोका. त्याची बायको मागच्या खोलीतून ओरडायची, "अहो, ट्रंक करताय की रणगाडा?" ती हसायची, पण त्याची काळजी काही कमी व्हायची नाही. तीच माझ्या अंगात उतरली असणार.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते एका तरुण शिक्षिकेने. पहिल्यावहिल्या नोकरीला निघाली होती बिचारी. माझ्यात तिने साड्या घातल्या, पुस्तकं घातली, आईने दिलेली एक रजई कोंबली आणि झाकण लागेना म्हणून वर बसली. मला बसच्या टपावर चढवलं तेव्हा ती प्रत्येक थांब्यावर खाली उतरून बघायची, दोरी सुटली नाही ना. मला तेव्हाच ती आवडली.

ती याच शाळेत आली आणि इथेच म्हातारी झाली. निवृत्त होताना म्हणाली, "हिला इथंच राहू द्या. मला आता कुठं जायचंय?" मला वाईट वाटलं. पण शाळेने मला चांगलं काम दिलं. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका माझ्यात राहायच्या. कुलूप, लाख, सही, सगळा थाट! मुलं खिडकीतून माझ्याकडे बघून हात जोडायची. मी रात्रंदिवस दात आवळून बसायची. एकदाही एक कागद माझ्यातून फुटला नाही, हे मी छातीठोक सांगते.

मग प्रश्नपत्रिका संगणकातून यायला लागल्या आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे फाटकी जाळी, चेपलेले चेंडू, एक पाय नसलेला फळा आणि मी. मागच्या कोपऱ्यात गंज चढला, भोकं पडली. काळजी करायलासुद्धा काही उरलं नाही, म्हणजे विचार करा काय दिवस असतील ते.

आणि एक दिवस शिपाईमामांनी मला फरफटत बाहेर काढलं.

त्याचं असं झालं, की शाळांच्या कायद्यात बदल झाले होते. ते बदल मी मोठ्या बाईंच्याच तोंडून ऐकले. मोठ्या बाई म्हणजे इथल्या मुख्याध्यापिका. खुर्चीवर येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. घरून निघाल्यावर दाराला कुलूप लागलं का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जाणाऱ्या. माझ्याच जातकुळीतल्या!

समोर भाऊसाहेब बसले होते, म्हणजे शाळेचे कारकून. नियमाबाहेर शिंकायचे नाहीत असा माणूस. बाई वाचत होत्या, "पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत विद्यार्थ्यांचे फोन कुलपात. कुलपावर मुख्याध्यापकांच्या सहीचं सील. शाळेच्या वेळेत ते मुख्याध्यापकांखेरीज कुणी उघडायचं नाही. घरच्यांना निरोप देता यावा म्हणून शाळेचा एक फोन सतत चालू. आणि पूर्वी जिथे 'संस्था जबाबदार राहील' असं होतं, तिथे आता..."

बाई थांबल्या.

"तिथे आता काय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मुख्याध्यापक व्यक्तिशः जबाबदार राहील. भाऊसाहेब, व्यक्तिशः म्हणजे मी?"

"म्हणजे त्या खुर्चीत जी व्यक्ती बसलेली असेल ती."

"मग मी उभी राहते," बाई म्हणाल्या आणि खरंच उभ्या राहिल्या. दोघंही हसले. पण बाईंचं हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही, ते मी समोरून बघितलं.

तर अशी मी फोनांची ट्रंक झाले. मामांनी मला घासलं, फोनांना हवा लागावी म्हणून खिळ्याने आणखी चार भोकं पाडली. मला दुखलं, पण म्हटलं, जाऊ दे, कामाला तर लागले.

काय सांगू तुम्हाला, काय मजा असते माणसांची! फोन माझ्यात टाकतात आणि पुढचा तासभर रिकामा खिसा चाचपतात. मुलांपुढे उदाहरण म्हणून बाईंनी शिक्षकांचेही फोन आत घेतले. तर गणिताचे सर मधल्या सुट्टीत येऊन माझ्याजवळ उभे राहायचे, दवाखान्यात नातेवाइकाला भेटायला आल्यासारखे. एक पोरगा रोज एक बंद पडलेला फोन माझ्यात टाकायचा आणि खरा मोज्यात ठेवायचा. आणि हे फोन आत गप्प बसतील तर शपथ! सारखे थरथरायचे. इतक्या वर्षांत मला कुणी गुदगुल्या केल्या नव्हत्या.

याच दिवसांत टकळी माझ्या ओळखीची झाली.

टकळी म्हणजे नववीतली एक मुलगी. खरं नाव हजेरीपुरतं. सूत कातायच्या टकळीसारखी तिची जीभ गरागरा फिरायची, म्हणून हे नाव, आणि ते तिच्या आईनेच ठेवलेलं. आई तरी काय कमी? ती घरी पडदे शिवायची. मशीनच्या आवाजावर आवाज काढून बोलायची सवय, त्यामुळे पालकसभेला आली की तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर ऐकू यायची. मायलेकी एकाच वेळी बोलायच्या आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं, हे मला मोठं नवल वाटायचं.

एक दिवस टकळी बाईंच्या खोलीत आली आणि काही बोललीच नाही. बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "काय ग? बरं नाही का?"

"आईचं ऑपरेशन आहे. उद्या."

तिच्या आईचा आवाज बरेच महिने बसला होता. बसला होता म्हणजे नुसता घोगरा. बोलणं थांबलं नव्हतं. मग तपासण्या झाल्या, गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. पुढे शिकवलं तर यंत्र लावून थोडं बोलता येईल. पण हा आवाज राहणार नाही.

"ऑपरेशन संध्याकाळी आहे," टकळी म्हणाली. "आई म्हणाली, दिवसा शाळेत जा, चाचणी बुडवू नकोस, सुटल्यावर ये, मग आत जाईपर्यंत आपण दोघी बोलू. पण बाई, डॉक्टर वेळ बदलतात कधीकधी. बदलली तर मावशी फोन करणार आहे. माझा फोन माझ्याजवळ राहू दे ना. उद्याच्या दिवस फक्त."

बाईंनी कायद्याची पानं चाळली. आजारपणासाठी सूट होती, पण त्याला हॉस्पिटलचा दाखला लागत होता, आणि तोही आधी वरच्या कार्यालयात मंजूर व्हायला हवा होता. एका दिवसात ते होणं शक्यच नव्हतं. बाईंचा चेहरा बघवेना. शेजारच्या शाळेतली गोष्ट ताजी होती: तपासणीला माणसं आली, एका विद्यार्थ्याचा फोन बाकावर दिसला, आणि तिथल्या मुख्याध्यापकांना दुसऱ्या दिवशी खुर्ची सोडावी लागली.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "शाळेचा फोन माझ्या टेबलावर असतो. तो नंबर मावशीला दे. वाजला की भाऊसाहेब तुला वर्गातून बोलावून आणतील. माझा शब्द आहे."

टकळीने मान हलवली. जाताना माझ्या झाकणावर हळूच हात ठेवून गेली. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू!

आणि दुसऱ्या दिवशी जे झालं ते झालं.

सकाळी बाईंना कार्यालयाचं बोलावणं आलं. नव्या बदलांबद्दल सगळ्या मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण, हजर राहणं सक्तीचं. वर कुणीतरी कुजबुजलं, की मुख्याध्यापक तिकडे बसलेले असताना इकडे शाळांची तपासणी होणार. बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी भाऊसाहेबांना बजावलं, "मी नसताना एकही फोन बाहेर दिसता कामा नये. एकही!" भाऊसाहेबांनी तेच मामांना बजावलं, फक्त दुप्पट जोरात.

आता मामा म्हणजे कसे, की त्यांनी एकदा स्वतःच्या डोक्याने काहीतरी केलं होतं आणि त्यावरून त्यांना बोलणी बसली होती. तेव्हापासून सांगितलेलं तंतोतंत करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांनी टोपली घेतली आणि टेबलं, खिडक्या, कप्पे, सगळीकडचे फोन उचलले. बाईंच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला शाळेचा फोनही उचलला. टोपली माझ्यात ओतली. वरून मुलांचे फोन आले. सगळ्यात शेवटी टकळीचा आला, आईने पडद्याच्या तुकड्यातून शिवलेल्या पिशवीत, पारदर्शक खिडकी ठेवलेल्या. तो अगदी वर राहिला, मागच्या कोपऱ्यात, माझ्या गंजक्या भोकाजवळ.

बाईंची रिक्षा खाली उभी होती. त्यांनी घाईघाईत कुलूप लावलं, सहीचं सील चिकटवलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि निघाल्या.

मी आतून ओरडत होते. अहो बाई, शाळेचा फोन! तो बघा, तळाशी आहे! पण माझं ओरडणं म्हणजे बिजागरीची कुरकुर. बाई जाता जाता म्हणाल्या, "मामा, हिला तेल घाला जरा."

पहिला तास झाला आणि टकळी दाराशी आली. भाऊसाहेब बाहेरच्या टेबलाशी बसले होते. "भाऊसाहेब, फोन आला होता का कुणाचा?"

"नाही बाळा." त्यांनी सकाळी बाईंच्या टेबलाकडे नजर टाकली होती, तिथे फोन नव्हता, त्यांना वाटलं, बाई बरोबर घेऊन गेल्या असतील आणि काही असलं तर कुणाबरोबर तरी कळवतील. त्यांनी खोटं सांगितलं नाही. पण माझ्या पोटात शाळेचा फोन तेव्हाच पहिल्यांदा थरथरून गप्प झाला होता. आदल्या दिवशीच्या बैठकीत बाईंनी त्याचा आवाज बंद केला होता. तो तळाशी, वर एवढा ढीग, आणि खोलीचं दार बंद.

पुढे चाचणी होती. ती चालू असताना फोन पुन्हा आला. मग टकळीचा आला. पिशवीच्या खिडकीतून उजेड पडला आणि अक्षरं दिसली: मावशी. बंद झाला. पुन्हा शाळेचा. पुन्हा टकळीचा. एकदा खालून, एकदा वरून! बाई ग, माझा जीव नुसता कासावीस. मी आयुष्यभर कुणाच्या हाती काही लागू नये म्हणून दात आवळून बसले, आणि आता मला वाटत होतं, की फुटावं, तुकडे व्हावेत, काहीही व्हावं, पण उघडावं.

चाचणी संपली तशी टकळी धावतच आली. "आला होता का?"

"नाही ग," भाऊसाहेब म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे बघून उठले. "थांब, बाईंच्या टेबलावर काही निरोप ठेवलाय का बघतो." त्यांनी दार उघडलं. मामाही मागोमाग आले.

"भुंगा शिरलाय वाटतं कुठंतरी," मामा म्हणाले.

टकळी माझ्याकडे बघत होती. ती खाली बसली आणि तिने माझ्या झाकणाला कान लावला. "भुंगा नाही मामा. फोन आहे."

"असेल कुणाचा तरी," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांची नजर टेबलावर गेली. चार्जरची वायर मोकळीच लोंबत होती. "मामा, शाळेचा फोन बाई घेऊन गेल्या ना?"

"आत आहे की," मामा म्हणाले.

"आत? आत कुणी टाकला?"

"मीच. एकही बाहेर नको म्हणालात ना? चांगलं दोनदा म्हणालात."

भाऊसाहेब मटकन खुर्चीत बसले. बाईंच्या खुर्चीत बसलोय हे लक्षात आल्यावर लगेच उठले.

टकळी तोवर जमिनीवर पालथी पडून माझ्या मागच्या भोकाला डोळा लावून होती. इतक्यात वरचा फोन थरथरला. आत उजेड पडला. "मावशी," ती म्हणाली. "मावशी आहे. भाऊसाहेब, उघडा ना. वेळ बदललीय. त्यांनी आईला आत न्यायला घेतलं असणार."

किल्ली बाईंच्या पर्समध्ये. पर्स गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाईंना फोन करावा, तर सगळ्या शाळेत एक फोन बाहेर नव्हता, त्या मोज्यातला सोडून, आणि तो फक्त मलाच ठाऊक. मामा समोरच्या दुकानात पळाले. दुकानदार भला माणूस, त्याने फोन काढून हातात दिला. पण बाईंचा नंबर पाठ कुणाला होता? हल्ली कुणाला कुणाचा नंबर पाठ असतो? टकळीला आईचा येत होता, तो तिने मामांना निघतानाच सांगितला होता. मामांनी तो लावला तर बंद. हॉस्पिटलमध्ये सामान बांधून ठेवलं असणार. मावशी तिच्या फोनात नुसती 'मावशी' होती. मामा धापा टाकत परत आले आणि त्यांनी नुसते हात हलवले.

भाऊसाहेबांनी कायद्याचं पुस्तक काढलं. "मुख्याध्यापकांखेरीज कुणी... मुख्याध्यापकांच्या लेखी... अरे देवा. सील मोडलं की चौकशी. माझी झाली तर झाली, पण आधी बाईंची होणार. त्यांची खुर्ची जाईल ग पोरी. मी काय करू?"

टकळी रडली असती, भांडली असती, पाय आपटले असते तर बरं वाटलं असतं. सगळ्या शाळेचं डोकं उठवणारी मुलगी माझ्या अंगावर दोन्ही हात पसरून गप्प पडून राहिली होती. तिचा श्वास त्या भोकातून माझ्यात येत होता.

फोन थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

भाऊसाहेबांनी पुस्तक मिटलं. बाहेर गेले, आणि आले ते शाळेच्या घंटेचा हातोडा हातात घेऊन. लाकडी दांड्याचा, लोखंडी डोक्याचा. "सरक बाळा," ते म्हणाले.

"भाऊसाहेब, सील..." मामा म्हणाले.

"गेलं खड्ड्यात सील!" हे भाऊसाहेब बोलले! त्यांच्या तोंडून असा शब्द या इमारतीने कधी ऐकला नव्हता.

पहिला ठोका बसला आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसरा कोयंड्यावर. तिसरा चुकून झाकणावर. माझा पत्रा पातळ, आवाज मोठा. ठणठण, ठणठण सगळ्या इमारतीत घुमलं, आणि वर्गावर्गातून एकच आरोळी उठली. पोरांना वाटलं, शाळा सुटली! दारं धाडधाड उघडली, दप्तरं पाठीवर, सगळा व्हरांडा भरून गेला. गणिताचे सर "अरे थांबा, थांबा!" ओरडत मागे. आणि त्या गोंधळात माझा कोयंडा तुटला. मार खाऊन मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

टकळीने पिशवी ओढली. फोन नुकताच थरथरायचा थांबला होता. तिने उलट लावला. माझ्याजवळच गुडघ्यांवर बसली होती ती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अगं होतीस कुठे!" मावशीचा आवाज. "केव्हाची करतेय! दुसऱ्या कुणाचं सकाळचं ऑपरेशन रद्द झालं म्हणून हिला आधी घेतलंय. थांब, थांब. अहो सिस्टर, एक मिनिट हो, मुलगी आहे. एकच मिनिट."

खरखर झाली. मग तिची आई.

"टकळे?"

"आई."

"डबा खाल्लास?"

"अजून सुट्टी नाही झाली."

"मग झाली की खा. आणि ऐक, गच्चीवर चादर घातलीय वाळत, ती आण. मावशीच्या लक्षात राहायचं नाही. किल्ली शेजारच्या काकूंकडे. चाचणी कशी गेली?"

"बरी गेली."

"बरी म्हणजे नाहीच गेली." ती थांबली. तो घोगरा आवाज आणखी खाली गेला. "अगं, मी किती काय काय ठरवून ठेवलं होतं तुला सांगायचं. सकाळपासून मनात घोकतेय. आता एक आठवेल तर शपथ. जाऊ दे. मी जन्मभर बोललेय. आता तू बोल. मी ऐकते."

दारात पोरं जमली होती, पुढची मागच्यांना हाताने थोपवत होती. टकळीचं तोंड उघडलं. काही येईना. मामा तिच्यामागे उभे होते, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बोल ग पोरी. बोल."

"आई," ती म्हणाली, "भाऊसाहेबांनी ना, ट्रंक फोडली. घंटेच्या हातोड्याने. आणि सगळ्यांना वाटलं शाळा सुटली. सगळी शाळा दप्तरं घेऊन बाहेर आलीय, आणि गणिताचे सर त्यांना परत आत ढकलतायत, आणि कुणी जातच नाहीये..."

आणि तिची आई हसली. अहो, काय हसली! मध्येच खोकली, श्वास घेतला आणि परत हसली. त्या खरखरीत, फाटक्या आवाजात, खदखदून. टकळी बोलत राहिली, बोलत राहिली, आणि ती हसत राहिली, तिला चाकांच्या खाटेवरून घेऊन जाईपर्यंत. मग नुसती मावशी उरली. "नेलं ग," ती म्हणाली.

बाई दुपारी परतल्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी आधी विचारलं, "बोलणं झालं का पण दोघींचं?" झालं म्हटल्यावर त्या भिंतीला टेकल्या.

भाऊसाहेब पुढे झाले. "मी फोडली. तसं लेखी देतो."

"तुम्ही काही द्यायचं नाही. मी तिला शब्द दिला होता. आणि कायद्यात लिहिलंच आहे ना, जबाबदार कोण ते? मग तिथे दुसऱ्याचं नाव कशाला?"

सील तुटलं तर त्याच दिवशी कळवायचं, हाही नियमच. बाईंनी कळवलं. मग नोटीस आली. बाईंनी ती खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. दिवसातून कितीदा तरी त्या तो खण उघडतात आणि बंद करतात. चौकशीत काय होईल, कुणी सांगू शकत नाही. खुर्ची राहील, नाही राहील. शाळेचा फोन आता टेबलाला दोरीने बांधलाय, तो वाजला की अजूनही सगळे दचकतात.

मला भीती वाटते हो साहेब. माझं काय, भंगारात गेले तर गेले. पण घाबरून कायदा पाळत बसलेल्या बाईला त्याच कायद्याने खुर्चीवरून उठवलं, तर पुढच्या बाई काय करतील? त्या दोन कुलपं लावतील. आणि त्यांच्या हाताखालचा माणूस हातोडा उचलणार नाही. तुम्ही माझ्या झाकणाचा खळगा मोजा, सीलचे तुकडे मोजा, हरकत नाही. पण बाईंना एवढं विचारा, की तुम्ही तिथे असतात तर काय केलं असतंत? आणि त्या उत्तर देत असताना त्यांच्याकडे नीट बघा.

आज सकाळीच टकळी आईला घेऊन आली होती. म्हणजे आलीय, अजून इथेच आहेत. आई पुष्कळ बारीक झालीय. गळ्याभोवती रुमाल. जिना चढून दम लागला होता, तरी दारात येताच नेहमीच्या सवयीने तिने तोंड उघडलं, ओठ भराभर हलले. आवाज नाही. टकळी तिच्या ओठांकडे बघत होती. आता तीच तिचं सगळं बोलते.

"आई विचारतेय, आमच्यामुळे तुमच्यावर काही बालंट तर नाही ना आलं?"

"छे हो!" बाई म्हणाल्या. "काही नाही. सगळं मिटलं केव्हाच. तुम्ही तब्येतीकडे बघा."

आईचे ओठ हलले. या वेळी टकळी काही बोलली नाही.

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

टकळीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. "म्हणतेय, खोटं बोलताय."

बाईंनी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून माझ्याच झाकणावर बसल्या. "हो," त्या म्हणाल्या. "खोटं बोलतेय. मला फार भीती वाटतेय हो." इतके दिवस हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि एकदा सांगितल्यावर त्यांचं तोंडच मिटेना, हुंदक्यांनी.

टकळीची आई पुढे आली. माझ्यावर, त्यांच्याशेजारी, बसली. बाईंचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. माझा वाकलेला पत्रा कुरकुरला, पण मी धरून ठेवलंय.

जिन्यावर बूट वाजतायत. साहेब, तुम्हीच असाल तर या. पण दाराशी जरा थांबा. माझ्यावर दोन बायका बसल्यात. एकीला बोलता येत नाही आणि दुसरीला बोलवत नाही.